डबा ठेवून जाय, गाडी पाहतो

आमच्या मिस्त्रींकडे गाडी दुरुस्तीला टाकायची, तर सोबत जेवणाचा डबा द्यावा लागे. थट्टा करत नाही. उमरखेडच्या बाजारपट्टीत लाकडाच्या वखारीला चिकटून त्यांची टिनाची टपरी होती आणि तिथे फक्त पायडलवाल्या मोपेडी घेतल्या जात. मोपेड म्हणजे काय, सायकलच. फक्त तिच्या पोटात इंजिन बसवलेलं. नवा गिऱ्हाईक यायचा, गाडी स्टँडवर लावायचा आणि सांगायला लागायचा, की मिस्त्री, असा असा आवाज येऊन राह्यला. मिस्त्री त्याच्याकडे न बघताच विचारायचे, रोज जाता कुठी? निघता किती वाजता? मागं काय बांधता? जेवता कुठी? गिऱ्हाईक बावचळून जायचा. गाडीचं विचारायचं सोडून हा माणूस आपल्या जेवणावर काय आला! सगळी उत्तरं ऐकून झाली की मिस्त्री म्हणायचे, "उद्या सकाळी डबा ठेवून जाय. गाडी पाहतो."

पाहतो म्हणजे उघडतो, असं नाही. दुसऱ्या दिवशी ते तुमची गाडी घेऊन तुमचा दिवस चालवायचे. तुम्ही निघता त्या वेळी निघायचं, तुमच्याच रस्त्यानं जायचं, तुमचंच ओझं न्यायचं, तुमच्या जागी गाडी उभी करायची आणि तुमच्या वेळेला तुमचाच डबा खायचा. दूधवाल्याची मोपेड आली तेव्हा त्यांनी दोन्ही कॅन दुधानं भरूनच नेले. पाणी भरा म्हटलं तर म्हणाले, दूध हिंदकळते तसं पाणी हिंदकळत नाही. आणि नेलंच आहे तर घरोघरी वाटूनही आले. माप असं सढळ, की पुढे महिनाभर त्या दूधवाल्याला बाया सांगायच्या, तुमचं नको, मिस्त्रीचं माप द्या. तो बिचारा डोक्याला हात लावून बसला. पण आवाज सापडला. कॅनचा हुक मडगार्डला घासत होता, आणि तोही फक्त कॅन अर्धा रिकामा झाल्यावर.

मिस्त्री तुमचा दिवस चालवत असताना तुम्ही काय करायचं? तर त्यांच्या टपरीवर बसायचं. हा नियम होता, आणि नियम मोडणाऱ्याची गाडी जशी आली तशी परत जायची. पान्याला हात लावायचा नाही. येईल त्याला बसवायचं, माठातलं पाणी द्यायचं आणि "मिस्त्री संध्याकाळी येतीन" एवढंच म्हणायचं. त्यामुळे त्या ट्रॅक्टरच्या जुन्या सीटवर मी कधी ग्रामसेवक बसलेला पाहिला आहे, कधी सत्यनारायण सांगणारे गुरुजी. गुरुजींच्या वेळी तर मिस्त्रींनी पंचाईत करून ठेवली. पूजेच्या घरी वेळेवर पोचले, पोथीची पिशवी पाटावर ठेवली आणि यजमानाला म्हणाले, मी नुसता गाडीचा आवाज पाहायला आलो, पूजेचं तुम्ही तुमचं पाहा.

ही रीत त्यांना एका पोस्टमननं शिकवली. म्हणजे त्याला शिकवायचं नव्हतं. त्याच्या मोपेडचा आवाज त्यांनी तीन वेळा दुरुस्त केला, तीन वेळा तो परत आला. चौथ्या वेळी मिस्त्रींनी संतापून टपाल घेतलं आणि स्वतः गावभर फिरले. दोन टपालपेट्या उघडून झाल्यावर पोस्टमन चाव्यांचा जुडगा हँडलला अडकवायचा आणि तो टाकीवर वाजायचा. टपरीवर येताना जुडगा खिशात! मिस्त्री म्हणायचे, मी बारा दिवस इंजिन खोललं, अन् दुखणं होतं चावीले. त्या दिवसापासून त्यांचा इंजिनावरचा विश्वास उडाला आणि रस्त्यावर बसला.

अलीकडे लोक आवाज मोबाइलमध्ये भरून आणायचे. मिस्त्री तो ऐकायचे, नाही असं नाही. पूर्ण ऐकून मोबाइल परत करायचे आणि म्हणायचे, यात आवाज आला बरोबर, रस्ता कुठी आला? माणूस उंच, सडपातळ, खाकी हाफपँट आणि वर कायम पांढरा सदरा. सदऱ्यावर तेलाचा एक डाग नाही, कारण खताच्या पोत्याचा अप्रॉन ते स्वतः शिवून घालायचे. मोटरसायकलींबद्दल त्यांना मनापासून कीव होती. ज्या गाडीला पायडल नाही ती बंद पडली की माणसानं काय करावं, असा त्यांचा सवाल असे आणि त्याला अख्ख्या उमरखेडात उत्तर नव्हतं.

खोटं मात्र त्यांच्याकडे चालायचं नाही. एका शिक्षकाच्या गाडीतून मागे बायको बसली की आवाज यायचा. मिस्त्रींनी विचारलं, बाईचं वजन किती? सरांनी ऐटीत पन्नास सांगितलं. मिस्त्रींनी सिमेंटचं पोतं बांधून दिवसभर चालवली, आवाज नाही. संध्याकाळी ते थेट सरांच्या घरी गेले आणि बाईंनाच विचारलं. बाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, बहात्तर, सर लग्नातलं सांगून राह्यले असतीन. दुसऱ्या दिवशी बहात्तर किलो बांधलं आणि पहिल्याच खड्ड्यात मागचं सस्पेन्शन बोललं. मिस्त्रींनी सरांना एवढंच सांगितलं, की आवाजाले वजन खरं लागते.

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणूनच माझी मोपेड आवाज करू लागली तेव्हा मी अख्ख्या गावातले मिस्त्री पालथे घातले, पण या टपरीकडे फिरकलो नाही. का नाही, ते सांगतो. आज मी एका कृषी केंद्रात काउंटरवर उभा असतो, बियाणं विकतो आणि मला कशाचीही लाज वाटत नाही. पण तेव्हाची गोष्ट वेगळी होती.

माझं लग्न नोकरीवर झालं. मुलगी पाहायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी माझं शेत विचारलं नाही, रूप विचारलं नाही. (रूपाचं विचारलं असतं तर बरं झालं असतं, तिथे मी पक्का होतो.) सासरे बोरी अरबचे. स्वतः हाडाचे कास्तकार, शेतीत राबलेले, पण जावई कास्तकार नको म्हणून अडून बसलेले. मी पुसदच्या रोडवरच्या एका डाळ मिलमध्ये ऑफिसात होतो. कॉम्प्युटर, खुर्ची, वर पंखा. तेवढ्यावर प्रणिता माझ्या घरी आली. तिचे वडील चारचौघांत सांगायचे, आमचे जावई ऑफिसात असतात. दिवाळी झाली आणि मालकाचा भाचा शिकून परत आला. माझी खुर्ची त्याला बरोबर झाली. मालकानं मला चहा पाजून घरी पाठवलं.

घरी सांगायची हिंमत झाली नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता सवयच लागली. सकाळी नऊला प्रणिता डबा द्यायची, मी मोपेड काढायचो आणि मिलकडे वळल्यासारखं करून गावाबाहेरच्या सिंचनाच्या तलावावर जायचो. तिथे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एक बाभूळ आहे, तिच्याखाली बसायचो. सहाला परत. साठवलेलं होतं त्यातून पहिल्या तारखेला पगार द्यायचो. जानेवारी उजाडला, ऐन तुरीचा सीझन आला आणि प्रणिता शेजारणींना सांगू लागली, की सीझन आहे ना, यांना मान वर करायची फुरसत नाही. फुरसत! फुरसतीशिवाय माझ्याजवळ दुसरं होतं काय?

एका रविवारी तिला मागे बसवून मारुतीच्या चढावर निघालो तर गावातल्या कोणालाच न सापडलेला तो टणटण आवाज इंजिनातून पुन्हा येऊ लागला, कोणी आतून चमच्यानं ताट वाजवावं तसा. अर्ध्या चढावर गाडी बसली. मी उतरलो, पायडल मारलं, लाथा घातल्या, देवाचं नाव घेतलं. प्रणिता म्हणाली, इथून खालीच तर आहेत ते मिस्त्री. मी म्हणालो, उद्या पाहू. तिनं हँडल माझ्या हातातून घेतलं आणि गाडी स्वतः ढकलत टपरीवर नेऊन उभी केली. रविवारीही टपरी उघडी! मिस्त्री काही विचारण्याआधीच ती बोलून मोकळी झाली, की हे रोज नऊला डाळ मिलले जातात, तिथंच जेवतात, सहाले येतात.

मिस्त्रींनी गाडी चालू केली, मारुतीच्या चढावर अर्धी नेली आणि दोन मिनिटांत परत आले. म्हणाले, कार्बन जमला आहे, तो खरवडता येईल. पण साचला कायनं हे पाहावं लागेल, नाहीतर दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग माझ्याकडे बघून म्हणाले, डबा ठेवून जाय.

सोमवारी सकाळी मी डबा दिला. प्रणितानं मिस्त्रींसाठी म्हणून त्यात दोन पोळ्या जास्तीच्या आणि तिळाची वडी घातली होती. मिस्त्री मिलकडे निघून गेले आणि मी ट्रॅक्टरच्या सीटवर बसलो. आता हा माणूस मिलच्या फाटकातून आत जाणार, माझ्या जागी गाडी लावणार, चौकीदार विचारणार, ही गाडी तर त्याची, तो कुठाय? बस, संपलं! पण एक गंमत झाली. लोक येत होते. मिस्त्री कुठे गेले, कधी येतील, हा नट तुमच्याकडे मिळेल का? एका म्हाताऱ्याच्या सायकलची चेन पडली होती, ती मी नियम मोडून बसवून दिली. तो मला जीता रह म्हणाला. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला कोणी काही विचारत होतं, आणि भीतीनं अर्धा झालेला असूनही मला फार बरं वाटलं.

सहाला मिस्त्री आले. रिकामा डबा त्यांनी नळावर धुतला, पुसला आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, मिलवर गेलतो, लिंबाखाली गाडी लावली, चौकीदारासोबत चहा घेतला. एवढंच. मी वाट पाहत राहिलो. त्यांनी पान्यानं इंजिनाचा पिलक, म्हणजे स्पार्क प्लग, काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. डांबरासारखा काळा आणि ओला होता.

"ज्याले टायमावर पोचावं लागते त्याचा पिलक असा राहत नाही, बाबू," ते म्हणाले. "मिलचा रस्ता सरळ हाय. त्या रस्त्यानं रोज जोरात जाणाऱ्या गाडीचा पिलक चहाच्या रंगाचा राहते. काळा पिलक म्हणजे गाडी चालून राह्यली, पण जाणाऱ्याले कुठी जायचं नाही."

मी सगळं सांगून टाकलं. भाच्याचं, चहाचं, तलावाचं, पहिल्या तारखेच्या खोट्या पगाराचं. वाटलं, आता हा माणूस चार शिव्या देईल नाहीतर उपदेश करेल. मिस्त्रींना दुसऱ्याच गोष्टीचा राग आला होता. म्हणाले, म्हणजे माझा आजचा दिवस फुकट गेला, मी भलत्याच्याच दिवसात फिरून आलो. उद्या पुन्हा डबा आण आणि खरा रस्ता सांग.

मी खरा रस्ता सांगितला. कोणती बाभूळ, पेपर किती वाजता वाचून संपतो, अकराला बकऱ्यावाला येतो म्हणून गाडी चालू करून पाळीवरून हळूहळू पलीकडे कसा जातो, तिथे कोणी ओळखीचं दिसलं की परत अलीकडे कसा येतो. दिवसातून सात-आठ वेळा, चालणाऱ्या माणसाच्या वेगानं. घरी फक्त म्हणालो, आवाज सापडला नाही, आणखी एक दिवस लागेल. प्रणितानं पुन्हा डबा भरला. मंगळवारी मिस्त्री माझा दिवस चालवायला तलावावर गेले.

मी सहाची वाट पाहत होतो. ते साडेबारालाच परत आले. डबा उघडलेलासुद्धा नव्हता. त्यांनी गाडी लावली, माठातलं पाणी प्यायले आणि अप्रॉन न घालताच माझ्याजवळ जमिनीवर बसले. सदरा मळेल याचीही शुद्ध नव्हती. मी विचारलं, काका, तब्येत बरी आहे ना?

"आजलोक कोणाचा दिवस अर्ध्यात सोडला नाही," ते म्हणाले. "तुहा सोडला. जागा चांगली हाय, ऊन कवळं हाय, पाखरं हायत. पण बारा वाजेलोक बसलो अन् पुढं नाही झालं माह्याच्यानं. तू तीन महिने कसा बसला रे?"

मी रडलो. भर बाजारपट्टीत, वखारीवरचे हमाल बघत असताना रडलो, आणि सांगायला मला काही वाटत नाही. नोकरी गेली तेव्हा नव्हतो रडलो. तो प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता, कारण विचारण्याइतकं कोणाला माहीतच नव्हतं.

मिस्त्रींनी मला पोटभर रडू दिलं आणि मग कामाला लागले. इंजिनाचं डोकं उतरवलं. आत कार्बनचा थर असा, की करपलेल्या दुधाचं पातेलं बरं. बांबूच्या कामटीनं तो खरवडला, सायलेन्सर तापवून ठोकून झटकला, नवा पिलक लावला. गाडी चालू केली तेव्हा तिचा आवाज इतका साफ होता, की मलाच ओळख पटेना. किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, आता घरी जाय.

"आता? तीनच तं वाजले, काका."

"म्हनूनच म्हनतो, आता जाय."

सहाला गेलो असतो तर आणखी एक दिवस लपला असता, हे त्यांनी ओळखलं होतं. कामाच्या दिवशी, दुपारी तीनला मी दारात गाडी उभी केली. प्रणिता बाहेर आली. घाबरून विचारलं, काय झालं? मी गाडी बंद करायलाही थांबलो नाही, इंजिन चालू असतानाच बोलून टाकलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग पुढे होऊन किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली.

त्या संध्याकाळी ती एकच वाक्य बोलली. "माह्या बापानं नोकरी पाहून पोरगी देली, अन् तुम्ही मले तलाव देला." मी मान खाली घालून बसलो. ती माहेरी जाईल, आणि गेली तर परत येणार नाही, अशी माझी खात्री झाली होती. बॅग कुठे ठेवली आहे, तेही मी पाहून ठेवलं.

सकाळी नऊला तिनं डबा भरला. नेहमीचा नाही, दोघांचा, मोठा. पदर खोचला आणि मागच्या सीटवर येऊन बसली. म्हणाली, चला, रोज जाता तिथं.

आम्ही गेलो. पाळीचा चढ दोघांचं वजन घेऊन गाडी मुकाट्यानं चढली. बाभळीखाली बसलो. पहिला तासभर ती इकडचं तिकडचं बोलली, हरभऱ्याचं, पाखरांचं. अकराला बकऱ्यावाला आला. मी सवयीनं उठलो, तर तिनं हात धरून बसवलं. म्हणाली, येऊ द्या. तो आला, आमच्याकडे बघून पुढे गेला. डबा खाल्ला. दोनपासून ती गवताच्या काड्या मोडत बसली. चारच्या सुमारास मी दोनदा म्हणालो, चल, जाऊ, पुरे. ती हलली नाही. पाच वाजता तिचे डोळे भरून आले, तरी ती तिथेच. घड्याळात बरोबर सहा झाले तेव्हा उठली, साडी झटकली आणि म्हणाली, चला.

दुसऱ्या दिवशी मी हे मिस्त्रींना जाऊन सांगितलं. ते चेन साफ करत होते. त्यांनी हात थांबवून विचारलं, किती वाजेलोक बसली? म्हटलं, सहा. पुरे सहा? म्हटलं, पुरे. त्यांनी वखारीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, मानलं बा त्या पोरीले, आणि पुन्हा चेन हातात घेतली. गेल्या वर्षी त्यांनी टपरी बंद केली. आता मारेगावला लेकीकडे असतात. तिथेही जावयाला रोज कुठून जाता, काय नेता विचारून भंडावतात, असं ऐकतो.

पण त्या संध्याकाळची एक गोष्ट त्यांना सांगायची राहून गेली. तलावावरून घरी आल्यावर प्रणितानं चूल पेटवली नाही की हातपाय धुतले नाहीत. तिनं तशीच माझ्यासमोर बसून वडिलांना फोन लावला. पलीकडून सासऱ्यांनी आवाज ओळखून नेहमीप्रमाणे पहिल्यांदा माझंच विचारलं, जावई ऑफिसातून आले का?

"बाबा, यांची नोकरी दिवाळीलेच गेली," ती म्हणाली. "रविवारी जेवाले या. पण यांले काही विचारू नका. त्यांचा दिवस मी पुरा पाहून आली."